1968 ची मस्टँग फास्टबॅक : दोन उन्हाळे, एक हिवाळा

पेट्रोलपंपावर गाडी लावली की नळी टाकीत घालेपर्यंत कोणीतरी जवळ येऊन विचारतंच, ‘खरी आहे का?’ गेल्या सतरा महिन्यांत हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की उत्तर तोंडपाठ झालंय : पत्रा खरा, रंग खोटा, इंजिन उसनं. मराठी मंडळींचा प्रश्न वेगळा. गणपतीला मंडळाच्या हॉलबाहेर ती उभी होती, तेव्हा एक काका तिच्याभोवती पूर्ण प्रदक्षिणा घालून आले आणि म्हणाले, ‘सगळं ठीक, अ‍ॅव्हरेज काय देते?’ लिटरला साडेचार, तेही हायवेवर पाय जपून चालवली तर. काका पुढे काही बोलले नाहीत. मागच्या पत्र्याच्या बरोबर मध्यभागी असलेल्या टाकीच्या झाकणाकडे मात्र त्यांनी दानपेटीकडे बघावं तसं बघितलं.

इथे डेट्रॉईटच्या आसपास बरेच मराठी लोक गाड्यांच्याच धंद्यात आहेत आणि त्यातल्या दोघातिघांनी ‘आम्हीही घ्यावी म्हणतोय, कशी वाटते?’ असं विचारलंय. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

आधी फोर्डची ही गाडी कुठली ते. ऑक्टोबर 1968 मध्ये ‘बुलिट’ नावाचा चित्रपट आला. स्टीव्ह मॅक्वीन सॅन फ्रान्सिस्कोचा पोलीस अधिकारी, त्याची गर्द हिरवी मस्टँग, मागे काळी डॉज चार्जर, आणि शहरातल्या त्या उभ्या चढांवरून जवळजवळ अकरा मिनिटांचा पाठलाग. पाठलाग खऱ्या अर्थाने सुरू होतो तिथे पार्श्वसंगीत बंद पडतं आणि नुसती इंजिनं बोलतात. संकलनाचं ऑस्कर त्या चित्रपटाला मिळालं, ते उगीच नाही. पुण्याला हॉस्टेलवर असताना मी तो पहिल्यांदा पाहिला. कथा तेव्हाही नीट कळली नव्हती, आजही कळत नाही. पाठलाग मात्र पाठ आहे. एक हिरवी फोक्सवॅगन बीटल त्या दोन गाड्यांना पुन्हा पुन्हा आडवी जाते आणि चार्जरच्या चाकांवरून जितक्या टोप्या उडतात तितकी चाकंच तिला नाहीत, हे तेव्हा हॉस्टेलमधल्या सगळ्यांनी मोजलं होतं.

चित्रपटातली मस्टँग जीटी 390 होती, म्हणजे 390 घनइंचांचं, 6.4 लिटरचं व्ही-8 म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, कागदावर 325 हॉर्सपॉवर. कागदावर हा शब्द मुद्दाम वापरतोय. त्या काळी अमेरिकेत इंजिन नुसतं टेबलावर ठेवून, पंखा-सायलेन्सर वगैरे लटांबर न लावता ताकद मोजत. 1972 पासून मोजायची पद्धत बदलली आणि सगळ्याच गाड्या रातोरात अशक्त दिसू लागल्या. माझी गाडी मी रोलरवर चढवून मोजून घेतली. मागच्या चाकांवर 231.

आणि ती जीटी 390 नाहीच. तिच्या चासी नंबरच्या सुरुवातीला 8, एफ, 02, सी असं येतं. 8 म्हणजे 1968 चं मॉडेल, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, 02 म्हणजे फास्टबॅक (छप्पर मागे उतरत जाणारी), आणि सी म्हणजे 289 घनइंचांचं साधं दोन बॅरलचं (म्हणजे पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरला दोन तोंडं असलेलं) इंजिन, 195 हॉर्सपॉवर. खऱ्या 390 जीटीला त्या जागी एस असतो. जन्माला आली तेव्हा ही कोणा तरी कारकुनाची ऑफिसला जायची गाडी असणार. पुढे कुठल्या तरी मालकाने तिच्यात फोर्डच्याच पिकअप ट्रकमधलं 390 बसवलं, वर चार बॅरलचा कार्ब्युरेटर लावला, हिरवा रंग मारला, जाळीतला पळता घोडा काढून टाकला आणि पाच आऱ्यांची टॉर्क थ्रस्ट चाकं चढवली. टोलेडोजवळच्या ज्या म्हाताऱ्याकडून मी ती घेतली त्याने हे सगळं स्वतःहून सांगितलं, म्हणून तर घेतली. खऱ्या 390 फास्टबॅकच्या पैशात ट्रॉयमधल्या माझ्या घराचं छप्पर, किचन आणि लेकीची कॉलेजची दोन वर्षं निघतील.

(एक पोटदुखी इथेच सांगून टाकतो. मस्टँगला ‘मसल कार’ म्हटलं की इथले जुने लोक चिडतात. त्यांच्या मते मसल कार म्हणजे मधल्या आकाराच्या गाडीत कोंबलेलं मोठं इंजिन. मस्टँग ही स्वस्त छोट्या फाल्कनच्या सांगाड्यावर उभी केलेली ‘पोनी कार’. मात्र फाल्कनच्या सांगाड्यात 6.4 लिटर बसवल्यावर ती काय झाली, याचं उत्तर ते देत नाहीत.)

सुरू करणं

किल्ली फिरवली आणि झालं, असं नाही. थंड असेल तर अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल एकदा तळापर्यंत दाबून सोडायचं, म्हणजे चोक बसतो. मग किल्ली. मग दोन-तीन मिनिटं ती गुरगुरत, मध्येच दचकत उभी राहते. त्या वेळात पहाटे सहाला बाहेर पडायचं असेल तर शेजाऱ्यांशी संबंध चांगले हवेत.

थंडीतली सुरुवात मी पहिल्या महिन्यात शिकलो. गरम गाडी पुन्हा सुरू करायला बाबांनी शिकवलं. ते गेल्या जुलैत सांगलीहून आले होते. शनिवारी दुपारी बत्तीस-तेहतीस डिग्रीत आम्ही वाणसामान घेऊन बाहेर आलो. गाडी पंधरा मिनिटं बंद होती. अशा वेळी इंजिनची धग कार्ब्युरेटरला लागते, आतलं पेट्रोल उकळून खाली उतरतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरी मी काय केलं, तर किल्ली फिरवत राहिलो आणि घाबरून पेडल मारत राहिलो. बाबा शेजारी मांडीवर कोथिंबिरीची पिशवी धरून बसले होते. तीन वेळा ऐकून घेतलं, मग म्हणाले,

‘अरे, पंप नको मारूस. ओव्हर झालीय ती.’

‘बाबा, ही फियाट नाही.’

‘वास येतोय ना पेट्रोलचा? दोन मिनिटं गप बस. मग पाय तळाला दाबून धर आणि सेल्फ मार. मध्ये सोडू नकोस पाय.’

दोन मिनिटं आम्ही गप्प बसलो. मग पाय तळाला, किल्ली, पाच-सहा सेकंद नुसती घरघर, एक फटाका, काळ्या धुराचा लोट, आणि गाडी चालू. पार्किंगमधल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी एकोणीस वर्षं प्रीमियर पद्मिनी चालवली, सांगली-कोल्हापूर, भर मे महिन्यातसुद्धा. ‘आठ सिलिंडर असले म्हणून काय झालं, कार्ब्युरेटर तो कार्ब्युरेटरच,’ एवढंच बोलले आणि खिडकी खाली केली.

घरी आल्यावर मात्र त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. ‘ओव्हर झाल्याचा वास एवढा वेळ राहत नाही.’ वाकून, चष्मा कपाळावर सरकवून, नाकानेच शोधलं. पंपाकडून कार्ब्युरेटरला जाणारी रबरी नळी दाबली तशी ती बोटाखाली भाकरीसारखी तडकली. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते सोसत नाही. इंजिन तापलेलं, नळीतून पेट्रोल पाझरतंय आणि मी महिनाभर ‘जुन्या गाडीला वास यायचाच’ म्हणून फिरतोय. त्याच संध्याकाळी टाकीपासून पुढपर्यंत सगळ्या नळ्या बदलल्या. जुनी गाडी घेणाऱ्याला पहिला सल्ला हाच : घरी आणल्या आणल्या रबराची एकूण एक नळी बदला, धडधाकट दिसत असली तरी.

वास तरीही पूर्ण जात नाही. बायकोने गाडीसाठी एक वेगळा कुर्ता ठेवलाय. तो घालून ती बाहेर आली की समजायचं, आज मस्टँग निघणार.

थांबणं

मी ब्रेकच्या कंपनीत काम करतो. दिवसभर एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेची आकडेमोड, आणि शनिवारी अशी गाडी की जिला यातलं काहीच नाही. ऑफिसातले लोक हसतात, हसू देत.

चित्रपटात ही गाडी उडते. घेतल्या दिवशी टोलेडोहून घरी येताना मला कळलं की उडणं सोपं आहे, उतरल्यावर थांबणं अवघड. चारही चाकांना ड्रम ब्रेक, पायाचा जोर वाढवणारा बुस्टर नाही, आणि पुढे मूळच्यापेक्षा कितीतरी जड इंजिन. आय-75 हायवेवर पुढच्या ट्रकचे लाल दिवे लागले, मी पेडल दाबलं, काही झालं नाही. मग दोन्ही पायांच्या ताकदीने दाबलं, तर गाडी वेग कमी करायच्या ऐवजी डावीकडची लेन घ्यायला निघाली. थांबली, पण कुठे थांबायचं हे तिने ठरवलं.

म्हणून पहिल्याच महिन्यात पुढे डिस्क बसवून घेतल्या. एका वर्कशॉपने काम केलं, बिलही छान लावलं. सप्टेंबरच्या पहिल्या पावसात रिकाम्या पार्किंगमध्ये मी मुद्दाम जोरात ब्रेक मारून पाहिला, सवयच आहे ती. पाठ सटकली आणि गाडी अर्धी फिरून आलो त्या दिशेला तोंड करून उभी राहिली. पुढे डिस्क, मागे ड्रम असेल तर मागच्या ब्रेकला जाणारा दाब कमी करणारा एक छोटा व्हॉल्व्ह लागतो. ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि पूर्ण दाब मिळाला तर तीच आधी जाम होतात. तो व्हॉल्व्ह त्यांनी लावलाच नव्हता. मी तो स्वतः आणून, दोन शनिवार घालवून, कधी एक आटा इकडे कधी अर्धा तिकडे करत बसवला. आता ती सरळ रेषेत थांबते. आजच्या कुठल्याही छोट्या गाडीपेक्षा उशिराच थांबते, पण सरळ.

स्टेअरिंगही तसंच. पॉवर नाही, या टोकापासून त्या टोकाला जायला जवळजवळ पाच वळसे. मधोमध दोन बोटं रिकामा प्ले. मागे ट्रकसारखे पाटे. खड्ड्यावरून वळताना मागचा भाग आपल्याला न विचारता बाजूला पाऊल टाकतो. मग चित्रपटात कशी वळायची? तर ती गाडी शोरूमची नव्हतीच. मॅक्स बॅलचौस्की नावाच्या रेसिंगवाल्याने तिचे स्प्रिंग कडक केले होते, शॉक बदलले होते, पुढच्या टॉवरना आधार दिले होते. पुन्हा सगळ्यांत अवघड उड्यांच्या वेळी मॅक्वीनच्या जागी बड एकिन्ससारखे स्टंटवाले बसले होते. म्हणजे ‘खरी आहे का’ हा प्रश्न त्या गाडीलाही विचारता आला असता.

पाठलागात मॅक्वीन एके ठिकाणी वळण चुकतो, टायर जाळत गाडी मागे घेतो आणि पुन्हा निघतो. हॉस्टेलमध्ये आम्ही तिथे हसायचो. आता अख्ख्या चित्रपटात माझा विश्वास बसतो तो त्या तेवढ्या प्रसंगावर.

पाना आणि पाणी

मस्टँगच्या पुढच्या भागात सहा सिलिंडरचं किंवा छोटं व्ही-8 इंजिन बसावं अशी मूळ आखणी. 390 तिथे बसतं ते पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं, दोन्ही बाजूंच्या लोकांच्या कुशीत कोपर खुपसून. त्यामुळे प्लग बदलणं. साध्या गाडीत वीस मिनिटांचं काम. मला रविवारचा अख्खा दिवस लागला, इंजिनच्या बैठकीचा बोल्ट सैल करून खालून जॅक लावून इंजिन इंचभर उचललं तेव्हा कुठे पाना आत गेला. उजव्या बाजूचे चार निघाले, डावीकडचे तीन निघाले. ड्रायव्हरच्या बाजूचा सगळ्यांत मागचा, आठवा, त्याच्यावर तीन प्रकारचे पाने, एक लवचीक सांधा आणि मनगटाची साल एवढं खर्च करून मी थांबलो. सात नवे, एक जुना.

दुसरी गोष्ट पाण्याची. समोरच्या काचेच्या पायथ्याशी हवेसाठी एक जाळी असते, तिच्याखाली पत्र्याची बंद पन्हाळ. त्या काळच्या मस्टँगमध्ये पानं-माती साचून ती पन्हाळ आतून गंजते, आणि तिथे बघायलाही जागा नसते. पावसात पाणी थेट शेजारी बसणाऱ्याच्या पायावर. आमच्याकडे हे ऑगस्टमधल्या वादळात, जेवायला निघालेलो असताना कळलं. कुर्ता गाडीचा होता पण चपला नव्या होत्या. तो पत्रा बदलायला वरचं सगळं कापून काढावं लागतं, ते काम मी बाहेर दिलं आणि त्याची रक्कम इथे लिहीत नाही कारण घरात हा लेख वाचला जाईल.

बाकी, आतलं फार सांगण्यासारखं नाही. गाडी ऑक्टोबर 1967 ची, त्यामुळे पट्टा फक्त पोटावर. एसी नाही. मागची सीट मुलांसाठी आहे असं म्हणतात, माझ्या पंधरा वर्षांच्या लेकीचं मत वेगळं आहे. टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ, म्हणजे सामान टाकीवर ठेवतोय हे विसरायचं नाही. तेलात झिंक जास्त असलेलंच तेल घालायचं, नाहीतर जुन्या धाटणीचे टॅपेट कॅमशाफ्ट खातात.

वुडवर्ड

ऑगस्टचा तिसरा शनिवार. 1995 पासून इथे वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, फर्नडेलपासून पाँटियाकपर्यंत, नुसतं हळूहळू पुढे-मागे फिरायचं. साठच्या दशकात याच रस्त्यावर रात्री सिग्नलपासून सिग्नलपर्यंत शर्यती लागायच्या आणि कारखान्यांतले इंजिनिअर नव्या इंजिनांची परीक्षा इथेच घ्यायचे, असं जुने लोक सांगतात. मिशिगनमध्ये 26 वर्षं किंवा त्याहून जुन्या गाडीला ऐतिहासिक नंबरप्लेट मिळते. तिच्यावर एरवी प्रदर्शन, मिरवणूक अशाच कारणासाठी गाडी काढता येते, पण ऑगस्टभर रोजच्या कामालाही चालते. ज्याने हा नियम केला त्याच्या घरी नक्की एखादी जुनी गाडी असणार.

लेक सोबत होती. तासाभरात तापमानाचा काटा चढायला लागला. पुढे दोनशे गाड्या, मागे दोनशे, हलायला जागा नाही. अशा वेळी उपाय एकच, हीटर पूर्ण चालू करायचा. इंजिनची उष्णता थोडी आत ओढली जाते आणि काटा थांबतो. बाहेर बत्तीस डिग्री, आत त्याच्यावर हीटर, लेक घामाने निथळतेय. ‘बाबा, तुम्ही ही गाडी मजेसाठी घेतलीत ना?’

तेवढ्यात शेजारच्या लेनमधून एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ, हात खिडकीबाहेर, इंजिनाचा आवाज ऐकत डोकं तिरपं करून म्हणाले, ‘390. पण ट्रकची.’ नंबर न बघता, बॉनेट न उघडता. मी कशावरून म्हणून विचारलं, तर ते आयुष्यभर डिअरबॉर्नच्या रूज कारखान्यात होते. माझी गाडी तिथेच जोडली गेली, माझ्या घरापासून पाऊण तासावर. त्यांनी ‘खरी आहे का’ असं विचारलं नाही. ‘बनली त्या वर्षी मी तिथे होतो,’ एवढं म्हणाले आणि लेन पुढे सरकली. त्यानंतर लेकीने हीटरबद्दल तक्रार केली नाही. घरी जाऊन आईला तिने सांगितलं ते त्या आजोबांचं, हीटरचं नंतर.

मग खरी कुठे आहे?

चित्रपटासाठी लागोपाठच्या नंबरांच्या दोन मस्टँग वापरल्या. उड्या मारणारी भंगारात गेली असं वाटत होतं, ती 2017 मध्ये मेक्सिकोत सापडली. मॅक्वीनने चालवलेली दुसरी 1974 मध्ये न्यू जर्सीतल्या एका कुटुंबाने घेतली. मॅक्वीनने 1977 मध्ये पत्र लिहून ती परत मागितली. त्यांनी दिली नाही. आणि त्या घरातल्या बाई शिक्षिका होत्या, त्या तीच गाडी घेऊन शाळेत शिकवायला जायच्या. 1980 मध्ये क्लच गेला आणि ती गॅरेजमध्ये उभी राहिली ती राहिलीच.

जानेवारी 2018 मध्ये ती डेट्रॉईटच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा लोकांपुढे आली आणि मी रांगेत उभं राहून पाहिली. माझ्या गाडीपेक्षा वाईट अवस्थेत होती. रंग उडालेला, पत्रा ठोकलेला, जागोजागी गंज. दोन वर्षांनी फ्लोरिडातल्या लिलावात ती 37 लाख 40 हजार डॉलरला गेली. पण मला त्या लिलावापेक्षा जास्त आठवते ती शाळेची गोष्ट. हायवेवर माझ्या गाडीचा कोणी फोटो काढतं तेव्हा मी त्या बाईंचा विचार करतो : मागच्या सीटवर तपासायच्या वह्या, पेट्रोलचा वास, थंडीत दोनदा पेडल.

आमच्याकडे आता ऑक्टोबर संपत आलाय. नोव्हेंबरात रस्त्यावर मीठ पडायला लागतं, त्याआधी गाडी आत गेली पाहिजे. टाकी काठोकाठ भरून त्यात पेट्रोल टिकवणारं औषध, बॅटरी काढून, उंदरांसाठी सायलेन्सरच्या तोंडात स्टीलची जाळी. गेल्या वर्षी जाळी विसरलो होतो, एप्रिलमध्ये गाडी सुरू केल्यावर मागून अक्रोडाची टरफलं उडाली.

घ्यायचीच असेल तर तीन कामं करूनच पैसे द्या. काचेच्या पायथ्याच्या जाळीत बादलीभर पाणी ओता आणि आतलं कार्पेट चाचपा. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा आणि मागच्या चाकांच्या वर, दारांच्या खाली फिरवा, जिथे चिकटणार नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. आणि नंबरातलं पाचवं अक्षर बघा. ते एस असेल तर किंमत ऐकून घ्या आणि चहा पिऊन घरी या. सी असेल तर मला फोन करा, माझ्याकडे आता पाने भरपूर झालेत. मात्र आठव्या प्लगला हात लावायचा असेल तर डिसेंबरनंतर, तोपर्यंत माझाही निघालेला नाही.